पडद्याआडचं उत्तर

पाणी प्यायला म्हणून मी मोहियोद्दीन सरांच्या स्वयंपाकघरात गेलो, आणि त्यांनी बाहेर शिकवणीत म्हटलेल्या इंग्रजी वाक्याचं पॅसिव्ह पडद्याआडूनच बायकी आवाजात करून टाकलं. पोरं हसतील असा माझा अंदाज होता. पण सरांनी खडू खाली ठेवला.

मी कन्नड तालुक्यातनं शहरात नवीन आलेलो, मला काय माहीत. शिकवणी सुटल्यावर शेजारी बसणारा रामकिसन म्हणाला, "येडा का तू? सरांची बायको तिथनंच उत्तर द्यायची, होती तवर."

पोलीस ॲक्शननंतर राजवट बदलली, कचेरीतली उर्दू गेली, तेव्हा नोकरी टिकवायला सर इंग्रजी शिकले. गुलमंडीमागच्या त्या खोलीत ते ॲक्टिव्ह वाक्य म्हणायचे आणि ऐकून ऐकून तरबेज झालेल्या फहमिदाबी रोट्या करता करता ते उलटवून परत पाठवायच्या. त्या वारल्यावर सरांनी शिकवणी काढली. फी राहिली तरी चालायचं, उत्तर मात्र मोठ्यानं द्यावं लागायचं.

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन माफी मागितली. सर एकटेच होते.

"माफी राहू दे, बेटा. आत जा. कालच्यासारखं तिथनंच बोल. शी मेड टी."

उत्तर मला चोख येत होतं. पडद्यामागं गार पडलेली चूल होती आणि पालथे घातलेले दोन कप.

"बोल ना, बेटा."

मी पडदा सारून बाहेर आलो. "उद्या सांगतो, सर," म्हणालो.

मॅट्रिकला इंग्रजीत सुटलो. सरांचं ते उत्तर अजून माझ्याकडं बाकी आहे.