कुंचीचा तुटलेला गोंडा

मंडळी, आज आईला घेऊन नगरला गेलो होतो. एका संग्राहकानं आयुष्यभर जमवलेलं सगळं दान केलं, त्यातून उभं राहिलेलं कलासंग्रहालय बघायला.

बाळाच्या एका कुंचीपाशी आई थबकली. पाटी होती, 'एक गोंडा तुटलेला. कारागीर अज्ञात.'

"मीच शिवली हुती. मंगल गोंडा चघळायची, म्हून तुटला. ती गेल्यावर तुझ्या आजीनं बोहारणीला देऊन टाकली."

"कोण मंगल?"

"तुझी थोरली बहीण."

पन्नाशीला आलोय, पण हे नाव मी घरात कधीच ऐकलं नव्हतं.

"मावशी, काचेला हात लावू नका," रखवालदार म्हणाला. आईनं हात काढला आणि पदरानं काच पुसली.

आता घरी आलोय. आई भाकरी थापतेय. माझी ताई कशी दिसायची, हे तिला कसं विचारू?