शिवेवरची ओटी

माझ्या लेकीला, शालूला, सातवा महिना लागलाय. ती अकोल्याला, मी इथे अमरावतीत, आणि झोप येत नाही. अशा वेळी अंजनगावच्या दुर्गाबाई आठवतात. तिथल्या आमच्या घरामागेच त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, झेंडू. गिऱ्हाइकाने भाजी चिवडलेली त्यांना खपत नसे. "वांगं हाय ते, नवरदेव नाही," म्हणायच्या.

त्यांची सून भागीरथा पहिलटकरीण. दवाखान्यातल्या नर्सबाई दर महिन्याला तिला तपासायच्या आणि बजावायच्या, की हात-तोंड सुजलं, डोकेदुखी थांबेना, डोळ्यांपुढे चमकलं, तर तडक अमरावतीला न्या. दुर्गाबाई मान डोलवायच्या. पण सातव्यातली ओटी भरल्याशिवाय गर्भारशीने गावाची शीव ओलांडायची नाही, हा त्यांच्या घरचा दंडक.

ओटीच्या आदल्या दिवशी कासार हिरवा चुडा भरायला आला. बांगडी भागीरथेच्या हातावर चढेना. सून अंगाने भरली म्हणून दुर्गाबाई खूश. त्यांनी मोठ्या मापाच्या बांगड्या मागितल्या. मला तो हात बरा दिसेना. तसं म्हटलं, तर शिकलेल्या बायांना जिकडेतिकडे दुखणंच दिसतं, असं ऐकून घ्यावं लागलं. भागीरथेचं डोकंही दुखत होतं, ते म्हणे उन्हाने.

दुपारी सासूसुना झेंडूच्या माळा ओवायला बसल्या. भागीरथेची सुई फुलात जाण्याऐवजी बोटात जाऊ लागली.

"काहून वं, ध्यान कुठी हाय तुयं?"

"आत्याबाई, मले फुलंच दिसून नाही राहिले. काजवे चमकून राहिले नुसते."

दुर्गाबाईंनी तिची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. मग घरात जाऊन नारळ आणि मूठभर गहू पदरात बांधले.

अमरावतीच्या एस. टी.त मीही सोबत होते. शिवेपाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली. कंडक्टर कुरकुरला, मागचे उतारू हसले. त्यांनी बसल्या जागीच सुनेला कुंकू लावलं, ओटी भरली आणि म्हणाल्या, "चाल आता."

पुढची सगळी वाट भागीरथा बोलली तरी भीती, गप्प झाली तरी भीती. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब पाहिला आणि तिला लगेच ठेवून घेतलं. आणखी उशीर झाला असता तर झटके आले असते, म्हणाल्या.

मुलगी दिवस भरण्याआधीच झाली, अगदी मूठभर. रस्त्यात ओटी भरली म्हणूनच, असं गावातल्या बायका कितीतरी दिवस म्हणत होत्या. दुर्गाबाई मेथीच्या जुड्या बांधत ऐकून घ्यायच्या.

"आल्या ना घरी?" एकदा त्या म्हणाल्या. "मायलेकी दोघीबी आल्या."