सूर्य विकायला आलेला माणूस

पेडगावात माझी पिठाची गिरणी होती. लाईट गेली की बाया डबे उचलून डिझेलवरच्या दुसऱ्या गिरणीत जायच्या. म्हणून उन्हावर वीज करणाऱ्या पाट्या आन बॅटऱ्या विकणारा माणूस परभणीहून बोलावला. कानावर पेन्सिल ठेवून तो दोन दिवस पहाटेपासून ओट्यावर बसला. लाईट कधी येती, मोटर कधी चालती, सगळं वहीत लिहिलं.

मग म्हणाला, “काका, लाईट सकाळी सहा ते दहा सलग असती, मंग दिवसभर येती-जाती. तुमी गिरणी उघडता दहाला. सूर्य इकत घ्यायच्या आधी लवकर उठून बघा.”

“पूजेबिगर मी कुलूप काढत न्हाई. तुमी पाट्या इका, शिकवू नका!”

तो हसला आन वही मिटून गेला.

आठ दिवसांनी मी पूजा पहाटेच उरकली, सहाला मोटर लावली. बाया परत आल्या. अक्कल माझीच, असं गावाला सांगितलं. त्या माणसाला मी साधा चहासुद्धा विचारला नव्हता.