आधी धप्प, मग आकडा

सुरतेच्या पांडेसऱ्यात आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा, सांगतील की उषाबाईंनी भगवान मुकादमांच्या मांडीत तीर मारला. साफ खोटं. तीर मुकादमांच्या पायजम्याच्या मांडीत गेला, आणि पायजमा तेव्हा दोरीवर वाळत होता. मुकादम आत नव्हते. मी हे दहा जणांना सांगून पाहिलं, पण खरं ऐकण्यात कुणाला मजा येत नाही.

उषाबाई आमच्या शेजारी राहतात. वय त्रेपन्न, माहेर अमळनेरकडचं, आणि सत्तावीस वर्षं घरबसल्या मजुरीवर साड्यांच्या घड्या घालतात. डावा हात लांब, उजवा हनुवटीपाशी, साडी ताणायची, झटकायची, हात खाली आणि तोंडातून आकडा: "एक." पुन्हा ताण, झटका, "दोन." मी त्यांची नक्कल इतकी हुबेहूब करते की त्यांचा मुलगा सुमित एकदा दाराआडून मलाच म्हणाला, "आई, चहा टाक."

गेल्या वर्षी त्या तळमजल्यावर बन्सीलालबाबांकडे काही द्यायला गेल्या. बाबा तळोद्याकडचे, कापड रंगवायच्या डाइंग मिलमधून निवृत्त झालेले. त्यांच्या भिंतीवर बांबूचा कमठा टांगलेला होता. माणसाएवढं उंच धनुष्य, बाबांनी स्वतः तासलेलं.

"हाई शोभानं शे का?"

"शोभेचं कशाला? चालवायचं."

"मंग माले शिकाडा."

घरी सुमित कपाळाला हात लावून बसला. "आई, या वयात? खांदा बघ तुझा."

"घड्या घालताना वय आडं येत नही, मंग आते कसं उनं रे?"

सोसायटीमागे बंद गोडाऊनची भिंत आहे. तिला टेकवून चिंध्यांनी ठासून भरलेली पोती रचली, मधल्या पोत्यावर कुंकवाचा ठिपका काढला आणि शिकवणी सुरू झाली. पंधरा दिवस बाबांनी तीर हातात दिलाच नाही. आडवं उभं राहा. कमठा मुठीत आवळू नका, तो पळून जात नाही. अंगठा बाजूला, दोरी तीन बोटांनी. हातानं ओढू नका, पाठीनं ओढा. दोरी ओठाच्या कोपऱ्याला लागली की थांबा. नजर ठिपक्यावर, तिरावर नाही.

दोरी तोंडापाशी आणणं बाईंना शिकवावंच लागलं नाही. सत्तावीस वर्षं उजवा हात तिथंच तर येतोय! बाबा खूश झाले. मग पहिला तीर दिला.

बाईंनी ओढला, सोडला, "एक" म्हणाल्या आणि डावा हात धाडकन खाली. तीर जमिनीत. "दोन." तीर जमिनीत. "तीन." तीर डावीकडे खाली, मुकादमांच्या पायजम्यात.

"बाई, तीर अजून वाटेत आहे," बाबा कळवळले, "आणि तुम्ही कुठं निघालात? तो लागेपर्यंत हात तिथंच. आकडा म्हणू नका."

"सत्तावीस वरीसनी जीभ शे बाबा, ती काय आज गप बसनार शे?"

जीभ गप बसेना आणि आकडा आला की हात पडायचाच. शेवटी बाईंनीच तोड काढली. आकडा म्हणायचा, पण पोत्यात धप्प आवाज आल्यावर. आधी धप्प, मग आकडा, मग हात खाली. तीन महिने रोज सकाळी हेच. मला तर नकलेला नवा माल मिळाला. जिन्यात, गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी मी सगळ्यांना करून दाखवलं: जुनी उषाबाई, नवी उषाबाई. मुकादमही बघून पोट धरून हसले.

पण पायजमा ते विसरले नव्हते. मुकादम आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. सुरतेत तीस वर्षं काढलेला माणूस, एका वाक्यात तीन गावं फिरून येतो. मीटिंगमध्ये म्हणाले, "आ शुं चालू छे? सोसायटी आहे के जंगल? लेडीज लोक को ये शोभता है क्या? कमठा बंद!"

उषाबाई उठल्या. "रविवारले समदासमोर पाच तीर मारसू. एक बी पोताना बाहेर गया ते कमठा तुम्ही सोता मोडा. पाची लागनात ते परत तोंड उघाडानं नही."

"मंजूर!" मुकादम म्हणाले. कमठा बन्सीलालबाबांचा होता, आणि दुसरा तासायला आता त्यांच्या हातात जोर नव्हता.

रविवारी सकाळी मी बाईंशी पैज लावली. पाचातला एक तरी चुकणार. चुकला नाही तर मी त्यांच्या शंभर साड्यांच्या घड्या घालणार. मला खात्री होती, कारण मुकादम काय करणार हे मी जिन्यात ऐकलं होतं. आणि ही युक्ती त्यांना माझ्याच नकलेतून सुचली होती. बाईंना सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

पहिले तीन तीर गेले. धप्प, "एक." धप्प, "दोन." धप्प, "तीन." चौथा सुटता सुटता मुकादम मागून ओरडले, "चार!"

बाईंचा हात किंचित खाली आला. तीर पोत्याच्या अगदी कडेला रुतला, पण रुतला.

"चार," बाई म्हणाल्या. मागे वळून मुकादमांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी चपलेकडे बघायला लागले.

पाचवा तीर. बाईंनी दोरी ओठाला लावली आणि थांबल्या. इतक्या थांबल्या की मुकादमांना राहवेना. "पाच!" ते ओरडले. बाईंनी सोडला नाही. "पाच! अरे पाच!" तरी नाही. मुकादमांनी श्वास घ्यायला तोंड मिटलं, तेवढ्यात सोडला. हात जागच्या जागी, खांबासारखा. धप्प.

"पाच," उषाबाई म्हणाल्या, आणि हात सावकाश खाली आणला.

मुकादम काही बोलायला गेले.

"तोंड उघाडानं नही, ठरेल शे ना भो?"

माझ्या आत्तापर्यंत एकोणचाळीस साड्या झाल्यात. बाईंनी त्यातल्या बारा परत उलगडायला लावल्या.