ऑपरेशनच्या सकाळचं बिस्कीट

हे मी माझ्या सख्ख्या आईलाबी सांगितलं न्हाय. तुमाला सांगते — पण मधी बोलू नका, न्हायतर माझा धीर जायचा.

आमचा मिलिंद, माझ्या भावाचा पोरगा. आमच्या अख्ख्या वरकुटे गावात त्याच्यावानी पळणारं पोर झालं न्हाय! आणि हेच पोर जन्मलं तवा काळजाला भोक होतं. दूध पिताना धाप लागायची, अंग घामानं डबडबायचं. बारामतीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ओळखलं, पुण्याला धाडलं. एक्क्याण्णव साली, पाच वर्षांचा असताना, ऑपरेशन ठरलं.

मला मूलबाळ न्हाय. नवऱ्यानं टाकल्यापासून मी माहेरीच. मिलिंद माझ्याच अंगाखांद्यावर वाढला — असं मीच गावाला सांगायची. खरं तर रडू आलं की तो आईकडं धावायचा. ते मला खुपायचं. आता कशाला लपवू?

ऑपरेशनच्या दिवशी त्याला पाणीसुदीक द्यायचं नव्हतं. पोटात काही असलं तर भुलीत उलटी होऊन श्वासात जाते, पोर दगावतं — नर्सनं बजावलं होतं. पोर भुकेनं कळवळत होतं. वहिनी डोळं पुसत बसली, पण घोटभर पाणी दिलं न्हाय. मग तिला सहीला बोलावलं. मिलिंद माझ्याकडं वळला, "आत्या, तू तरी दे." तू तरी! मी पिशवीतनं ग्लुकोजचं बिस्कीट काढून त्याला चारलं. आईला सांगू नको म्हणाले. तो माझ्या गळ्यात पडला — काय सांगू, किती बरं वाटलं मला.

न्यायला आले तवा नर्सनं विचारलं, काही खाल्लंय का. वहिनी न्हाय म्हणाली आणि माझ्याकडं बघितलं.

"पाण्याचा थेंब न्हाय," मी म्हणाले.

खरं सांगितलं असतं तर? तारीख पुढं गेली असती, एवढंच. पण वहिनीला कळलं असतं. ऑपरेशनच्या खोलीचं दार लागल्यावरबी ते ठोठावायला वेळ होता. मी बाकावर बसून राहिले.

आणि पोर जगलं! भोक बुजलं, अंग धरलं. डॉक्टर म्हणाले, पळू द्या आता. मग काय, पळालाच की! बिस्कीट तो पार विसरला. आईनं पाणी दिलं न्हाय, ते मात्र विसरला न्हाय. आई लय कडक, आत्या मायाळू — येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. सगळी हसायची. वहिनीबी हसायची. आणि मी? मीबी हसायची.

सातवीत बारामतीला शाळांच्या शर्यतीत पहिला आला. आमी त्याला ट्रॅक्टरवरनं मिरवला, हलगी लावली, मी तर भर रस्त्यात नाचले! आजबी आठवलं की ऊर भरून येतो. वहिनी दारात हार घेऊन उभी होती. मिलिंद कप घेऊन उतरला तो थेट माझ्याच पाया पडला. मी पाय मागं घेतले न्हाईत. त्याला पोटाशी धरलं आणि वहिनीच्या देखत, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्यामुळं जगलंय हे पोर."