माशापर्यंतची आगारी

साऱ्या खानदेशात भाऊबंदकीने गांजलेली माणसं पैशाला पासरी मिळतील. पण आपली भाऊबंदकी मुळातच फार तोकडी आहे, ती आणखी वाढायला हवी, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस एकच झाला आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. अक्काचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, भडगावच्या अलीकडे गिरणेच्या काठावर शेती करत. तरुणपणी ते जळगावला बी.एस्सी. करायला गेले होते. पहिल्याच वर्षी त्यांचं आणि गणिताचं बिनसलं आणि ते परत आले, पण येताना कॉलेजातून एक गोष्ट मात्र पक्की बांधून आणली: सगळी जीवसृष्टी एकाच मुळातून निघाली. इतर मुलं असलं काही परीक्षेत लिहून मोकळी होतात. दाजींची अडचण अशी, की एखादी गोष्ट पटली की ती दुसऱ्या दिवशी सकाळपासून घरात लागू व्हायची. जंतूंचा धडा पटला तेव्हा त्यांनी स्वतःच्या कातडी वहाणा उकळल्या होत्या. त्या पुढे धाकट्या मुलीने वापरल्या.

म्हशीला त्यांनी कधी काठी मारली नाही. "ती आपली भाऊबंद आहे, फक्त वाटणी फार पूर्वी झाली," असं ते सांगायचे, आणि म्हैसही मधूनमधून शेतात घुसून आपला हिस्सा वसूल करायची. न्हाणीत बेडूक निघाला तर त्याचं आटपेपर्यंत ते खांद्यावर पंचा टाकून बाहेर उभे राहत. अक्का आतून ओरडायची, की त्याला अंघोळच करायची आहे कशावरून? पालीसमोर ते मोठ्याने बोलत नसत. पण त्यांचा खरा मान वानरांना, कारण वानर हे भाऊबंद नव्हेत, पूर्वज आहेत, असा त्यांचा हिशेब. एकदा गावात एक वानर विजेच्या तारेला चिकटून मेलं, तर दाजींनी सुतक धरलं. दाढी नाही, देवपूजा नाही, गोडधोड नाही. तेव्हा त्यांचे थोरले बंधू आबा अंगणात येऊन कडाडले होते, "वांदरनं सुतक धरस? तुना सासरा गया तवय धरं व्हतं का?" धरलं नव्हतं, हे खरं आहे. सासरा म्हणजे माझे वडील, त्यामुळे मला ते आजही जरा लागतं.

दाजी शास्त्र शुद्ध मराठीत बोलत आणि भांडण अहिराणीत करत. आबांशी बोलताना त्यांना शुद्ध मराठीची गरज क्वचितच पडे. आबा म्हणजे घरातले कर्ते, अंगाने थोराड, मनाने त्याहून, आणि भुकेला अत्यंत कच्चे. वडिलोपार्जित घर मध्ये छातीइतकी भिंत घालून दोघांनी वाटून घेतलं होतं, पण अखजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, चूल एकच पेटायची, ती आबांकडे. अखजीला पितरांच्या नावाने घागर भरायची, चुलीतले निखारे पुढे ओढून त्यावर एकेकाचं नाव घेत पुरणपोळीचा तुकडा आणि तूप सोडायचं, त्याला आगारी टाकणं म्हणतात. ती झाल्याशिवाय पंगत बसत नाही. बाप, आजा, पणजा, तीन नावं आबा घेत आणि हात धुवायला उठत. तेवढ्यात दाजी पाटावर सरकून बसत. "तीन पिढ्यांवरच का थांबायचं? त्यांच्या आधीचे उपाशी जाणार?" असं म्हणून ते वानराला एक तुकडा टाकत, मग सरड्याला, मग बेडकाला, आणि प्रत्येकाच्या नावाआधी डोळे मिटून क्षणभर आठवण काढत. मासा येईपर्यंत निखारे विझत आलेले असत, अक्का फुंकणीने फुंकत असे, बाहेर वैशाखाचं ऊन आणि आत धूर. आबा ओसरीवरून ओरडत, "आरे भो, पोया थंड्या व्हई ऱ्हायन्यात! तुना वांदरले सांग, मांगून ये!" मी धुळ्याहून अक्काला माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून आलेला असे, आणि आमची दुपारची एस.टी. दरवर्षी त्या माशापायी चुकत असे.

ऐंशी सालानंतरच्या कुठल्याशा वर्षी प्रकरण हातघाईवर आलं. आबांच्या कानावर कुणीतरी घातलं, की उत्क्रांती ही नुसती थिअरी आहे, पक्की झालेली नाही. म्हणजे इतकी वर्षं आपण कच्च्या गोष्टीपायी पोळ्या गार खाल्ल्या! त्यांनी जाहीर सभाच मागितली. आधी मारुतीच्या देवळासमोर ठरली होती, पण तिथे निकाल एकतर्फी लागेल, अशी आबांनी हरकत घेतल्यामुळे ती शाळेच्या पटांगणात नेली. जळगावहून एक प्राध्यापक बोलावले. गाव लोटलं. आबांनी माइक तोंडात घालूनच सांगितलं, "खरं निंघनं ते मी मासापावत उपाशी बठसू. नई निंघनं ते याले मना घरनी आगारी बंद!" टाळ्या पडल्या. दाजी हसले नाहीत. आगारी बंद म्हणजे अखजीची पंगत बंद, आणि बाप गेल्यापासून भावाच्या डाव्या हाताला बसल्याशिवाय ते कधी अखजीला जेवले नव्हते.

दाजींचं भाषण चांगलं झालं असावं. त्यांनी बेडकापासून सुरुवात केली आणि भावनेच्या भरात तिथेच राहिले. मग आबा उठले. "थेरी म्हनजे परीक्षामा लिखानं. माले प्रॅक्टिकल दखाडा. आठे एक वांदर बठाडा, त्याना मानूस करी दखाडा. मी आठेच बठस." आणि ते खरोखरच बसले. प्राध्यापक बिचारे सज्जन. ते म्हणाले, बोलताना आपण 'थिअरी' म्हणजे अंदाज समजतो, शास्त्रात तसं नाही. सजीव बदलत आले, सगळ्यांचं मूळ एक, ही घडलेली गोष्ट आहे, पुरावे ढीगभर आहेत. ती कशी घडली हे उलगडून सांगतो तो सिद्धांत. तेव्हा सत्यही आहे आणि सिद्धांतही. आबा उसळले, "दोन्ही? कोर्टमा असं चालस का?" इथवर दाजींची बाजू वरचढ होती. पण प्राध्यापकांना आणखी एक गोष्ट सांगायची हुक्की आली. आजची वानरं हे आपले पूर्वज नव्हेत, ते म्हणाले. ती आपली दूरची भावंडं. दोघांचा पूर्वज वेगळाच होता, तो केव्हाच नाहीसा झाला.

दाजींचा चेहरा पडलेला मी पाहिला. सगळ्या गावाने माना वळवून त्यांच्याकडे पाहिलं, कारण गावाला शास्त्र कळत नसलं तरी आगारी कळत होती. पितरांचा घास कुणाला टाकतात? गेलेल्याला. आबांना ते कळायला एक क्षण लागला आणि मग ते कपाळावर हात मारून म्हणाले, "आरे, जिता भाऊबंदले आगारी टाकी तुनी? जिता मानसनं श्राद्ध?" याहून मोठा अपशकून आमच्याकडे नाही. दाजी घरी येऊन कडुनिंबाखाली बसून राहिले. वर झाडावर दोन वानरं होती, त्यांच्याकडे मान वर करून बघायचं त्यांचं धाडस झालं नाही.

सभेचा निकाल कुणी लावलाच नाही, पण असल्या अपशकुनानंतर दाजी आबांच्या चुलीकडे गेले नाहीत आणि त्या अखजीला पहिल्यांदा दोन चुली पेटल्या. दाजींनी आपल्या बाजूला निखारे ओढले. बापाचं नाव घेतलं, आज्याचं, पणज्याचं. पुढे वानर गाळलं. "वानर आणि आम्ही ज्यांच्या पोटी आलो ते, नाव माहीत नाही," असं हळूच म्हणून त्यांनी तुकडा टाकला. सरडा आणि बेडूकही गाळले, त्यांच्याही आधीचे कोण ते कोण, म्हणून दोन घास सोडले. माशाच्या पाळीपर्यंत पोचले तेव्हा निखारे चांगले लाल होते, पोळ्या गरम होत्या, आणि एस.टी.लाही अवकाश होता. मध्ये कुणी ओरडलंच नव्हतं. अक्काने ताट वाढलं. दाजी आमरसाच्या वाटीत बोट बुडवून नुसते बसले. मला म्हणाले, "पूर्वज झाडून सगळे आले बघ. भाऊ तेवढा आला नाही."

 मी भज्याचा घास तसाच हातात धरून राहिलो. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला, अगदी चिडका. "व्हयना का रे तुना मासा?"

दाजी दचकले. "व्हयना," म्हणाले.

"मंग ये ना जेवाले! कवयनी भूक लागेल शे माले!"

भुकेला तो इतका कच्चा माणूस, ताटावर बसून होता आणि घास घेतला नव्हता. दाजी ताट हातात घेऊन उठले. दाराने फेरा पडतो म्हणून त्या वयात भिंतीवरून चढले, निम्मा आमरस सांडला, आणि पलीकडे जाऊन आबांच्या डाव्या हाताला बसले.  आबांनी आपली वाटी त्यांच्या ताटात रिकामी केली. आमची एस.टी. त्याही वर्षी चुकली आणि अक्काने त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही.

आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. दाजी थकलेत, पण अखजीला आगारी तेच टाकतात. बापाच्या आधी आता थोरल्या भावाचं नाव येतं. तिथून पुढे पणज्यापर्यंत ते बिनदिक्कत जातात, आणि मग हात आखडतो. तुकडा बोटांत धरून ते थांबतात, ओसरीकडे कान देतात. कुणी ओरडत नाही. आम्ही सगळे शहाण्यासारखे गप्प बसून असतो, त्यांना हवा तेवढा वेळ देतो, आणि तेच त्यांना सोसत नाही.