सुचित्राच्या हातची पाचशेची नोट

श्रीकृष्णराव वणीच्या तहसील कचेरीत बत्तीस वर्षं कारकून होते, आणि या बत्तीस वर्षांत कचेरीची साधी टाचणीही त्यांनी घरी आणली नाही. माणूस इतका नाकासमोर चालणारा, की रिकाम्या रस्त्यावरही डाव्या कडेनंच जायचा. बायको सुचित्रा बँकेत कॅशियर. ती हसायची. "कर नाही त्याला डर कशाला हो?" पण काही माणसांना डर जन्मासोबतच मिळालेला असतो, त्याला कोण काय करणार!

सुचित्राची बोटं संध्याकाळी काळी असत. कोळशाच्या ट्रकवाल्यांच्या नोटा दिवसभर मोजायच्या म्हटल्यावर दुसरं काय होणार? तेव्हा शंभर नोटांची गड्डी टाचून वरच्या नोटेवर पेनानं आकडा टाकत. उजेडात धरलं की जिथं गांधीजी उमटतात, त्या पांढऱ्या जागेत. पुढे अशा लिहिण्यावर बंदी आली, ही त्याआधीची गोष्ट. बाकीचे कॅशियर सरळ फराटा ओढायचे. सुचित्रा मात्र अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरात १०० लिहायची आणि खाली 'सु'. "तोंडावर कसं लिहून राहिले मेले," म्हणायची. "माणूस आहे न तिथं."

नोटांवरची चित्रं तिला तोंडपाठ. दोनच्या नोटेवरचा वाघ, पाचच्या नोटेवरचा ट्रॅक्टर. त्या नोटा दिसेनाशा झाल्या तेव्हा शेजारीण गाव सोडून गेल्यासारखी ती हळहळली होती.

२००३ साली ती गेली. काविळीचं निमित्त झालं, आणि अकरा दिवसांत सगळं संपलं. तेव्हापासून श्रीकृष्णरावांना एक खोड लागली. हातात नोट आली की आधी ती पांढरी जागा बघायची. भाजीवाला वैतागायचा. "साहेब, खोटी नाही हो ते!" सहा वर्षं त्यांनी अशा किती नोटा पाहिल्या असतील, देव जाणे. आणि २००९ च्या मे महिन्यात पेन्शनच्या पैशांत पाचशेची एक मळकी नोट आली. मागे दांडीयात्रेची माणसं, पुढे कडेला मुंगीएवढं १०० आणि 'सु'. चारचौघांत आवाज न चढवणारा हा माणूस काउंटरसमोर उभ्या उभ्या हुंदके देऊन रडला.

ती नोट त्यांनी कपाटात, सुचित्राच्या साडीच्या घडीत ठेवली. तिच्या तिथीला काढायचे, उजेडात धरायचे, परत ठेवायचे. औषधाला पैसे कमी पडले तरी ती मोडली नाही.

नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा बंद झाल्या. घरातल्या बाकीच्या नोटा त्यांनी पहिल्याच आठवड्यात रांग लावून भरल्या. ही तेवढी ठेवली. मग डिसेंबर सरता सरता शेजारचे पुंडलिकराव फाटकाशी आले.

"जुनी नोट घरात ठेवली तं आता जेल हाये म्हणते. तुमच्यापाशी हाये काय एखादी?"

"नाही," श्रीकृष्णराव म्हणाले. एवढंसं खोटं, पण त्यांना ते पचेना. पोलीस येतील, पेन्शन थांबेल, पोरीला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. नोटा भरायच्या शेवटच्या दिवशी, बँक बंद व्हायला वीस मिनिटं असताना, त्यांनी फॉर्म भरला, नीट सही केली आणि नोट पुढे सरकवली. काउंटरवरच्या मुलीनं ती उलटीसुलटी करून बाकीच्या नोटांवर टाकली.

दोन-तीन दिवसांत पेपरात नियम वाचायला मिळाला. जुन्या नोटा दहापर्यंत जवळ ठेवल्या तर गुन्हा नाही. दहा! त्यांच्याकडे एक होती.

पेपर हातात घेऊन ते बँकेत धावले. मुलगी भली होती, तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं. "काका, त्या नोटा तं पुढं गेल्या. आता त्याचा भुगा करतात."

"तिच्यावर आमच्या मिसेसचं अक्षर होतं."

"पण काका, नोटेवर लिहाचं नसते न."

"हो," श्रीकृष्णराव म्हणाले. "नियम तसाच आहे."

दुसऱ्या दिवशी यवतमाळहून त्यांची मुलगी, शाल्मली, आली. बाबा फोनवर धड बोलेनात म्हणून आली होती. सगळं ऐकून तिनं त्यांचा हात हातात घेतला.

"बाबा, आईचं अक्षर घरात आहे न. माझ्या वह्यांवरची नावं आहेत, तिनं तुम्हाला लिहिलेली पत्रं आहेत. मी सगळं काढून देते."

"ते घरातच होतं ग," श्रीकृष्णराव म्हणाले. "ही बाहेर होती. कुठल्या कुठल्या गावांतून, कुणाकुणाच्या खिशातून, तुझी आई गेल्यावरही सहा वर्षं भटकून माझ्यापर्यंत आली. आणि मी भ्यालो, शाल्मली. माझ्या हातानं तिला घराबाहेर काढलं."